आठशे साठ ग्रॅमची करवत

शेजारच्या अंगणातली तुतीची फांदी जमिनीपासून एक मीटर सोळा सेंटिमीटर उंचीवर आली होती. हा आकडा अंदाजाने सांगत नाही. मी वजनमापे खात्यात तेहतीस वर्षे निरीक्षक होतो आणि अंदाज या गोष्टीबद्दल माझे मत पहिल्यापासून वाईट आहे. फांदी मी स्वतः पट्टी लावून मोजली.

एरवी शेजाऱ्याची फांदी किती खाली आली, याची नोंद ठेवण्याचे कारण नसते. पण एके दिवशी जोराचा वारा सुटला, त्यात ही फांदी बुडाशी थोडी चिरली आणि मागच्या दारापासून फाटकापर्यंत केलेल्या सिमेंटच्या उतारावर बरोबर आडवी झुकली. तो उतार शेजारच्या वहिनींसाठी मुद्दाम केलेला होता. त्यांचे खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया होऊन त्या वॉकर धरून चालायला लागल्या होत्या. तीन महिने पायऱ्या चढायच्या-उतरायच्या नाहीत आणि कमरेत अजिबात वाकायचे नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. पुढच्या दाराला पाच पायऱ्या. मागच्या उतारावर फांदी. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

वहिनींना जायचे तरी कुठे होते? समोर. रस्ता ओलांडला की समोरच्या घरात त्यांची थोरली बहीण राहत होती. तिला सगळी वसाहत ताईच म्हणायची. ताईंचे हृदय थकलेले, दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत असायच्या. त्यांना इकडे येणे शक्य नव्हते. त्यातून सहा आठवड्यांनी त्यांचा मुलगा येऊन त्यांना कायमचे आपल्याकडे घेऊन जाणार होता. ते गाव इतके लांब होते, की या वयात पुन्हा भेट होईल असे कोणी तोंडदेखलेही म्हणत नव्हते.

"अहो, दोघांनी खुर्चीत बसवून नेतील की तुम्हाला. अंतर ते केवढं!" माझी बायको त्यांना म्हणाली.

"कपाटासारखी उचलून नका नेऊ मला," वहिनी म्हणाल्या. "मला चालायला ताईनं शिकवलं. आई सांगायची, बोट धरून अंगणभर फिरवायची म्हणे. ती जायच्या आत तिला एकदा दाखवायचंय, अजून येतं म्हणून."

आणि त्या घरातल्या बोळात रोज सराव करायच्या. वॉकरच्या रबरी पायांचा आवाज भिंतीतून मला ऐकू यायचा. मी फेऱ्या मोजत असे. सुरुवातीला सहा होत्या, मग अकरा, मग एकेचाळीस.

वहिनींचे यजमान कवळ्या बनवायचे. चाळीस वर्षे तोच धंदा केल्यामुळे वसाहतीत त्यांना कवळीवाले याच नावाने ओळखत. वसाहतीतले निम्मे लोक त्यांच्या कामावर जेवतात. माझी खालची कवळी त्यांचीच. चाळीस वर्षे खाली वाकून बारीक घासकाम केल्याने त्यांचा उजवा खांदा आखडला होता. हातकरवत दोनदा पुढे-मागे केली, की हात वर जाईना. म्हणून त्यांच्या मुलीने त्यांना बॅटरीवर चालणारी एक छोटी करवत पाठवली.

करवत कसली, खेळणेच म्हणा. वीतभर पाते, त्याच्यावरून फिरणारी बारीक दातांची साखळी, मुठीत मावेल अशी मूठ. अंगठ्याने खटका दाबून धरल्याशिवाय चालू होत नाही, बोट उचलले की थांबते. दोन बॅटऱ्या आणि तेलाची एक इवलीशी बाटली. कवळीवाल्यांनी माहितीपुस्तिका दोनदा वाचली, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या, साखळीचा ताण बोटाने तपासला, डोळ्यांना चष्मा आणि हातांत हातमोजे चढवले. मग ते फांदीपाशी उभे राहिले आणि मला भिंतीवरून सगळे समजावून सांगू लागले.

"आधी खालून थोडं कापायचं. मग वरून. म्हणजे फांदी पडताना खोडाची साल ओरबाडून नेत नाही. आणि खोडाशी हा फुगवटा असतो ना, तो ठेवायचा. झाड तिथूनच जखम भरून काढतं. हिरडीसारखं आहे बघा अगदी."

त्यांनी खटका दाबला. साखळी फिरू लागली. आवाज शिलाई मशीनपेक्षा थोडा जास्त. अकरा सेकंदांचे काम होते.

आणि मी सहज विचारले, "परवानगी घेतलीत ना?"

हे मी वाईट हेतूने विचारले नाही, हे इथेच स्पष्ट करतो. शेजारधर्म म्हणून विचारले. कवळीवाल्यांनी खटक्यावरचे बोट उचलले. साखळी थांबली.

"घ्यावी लागते?"

"घेतलेली बरी."

"मग घेतो की," ते म्हणाले आणि करवत पिशवीत घालून ताबडतोब वसाहतीच्या कार्यालयाकडे निघाले. माणूस असा होता. पाटी वाचून चप्पल काढणारा.

कार्यालयात सचिव होते. आमचे सचिव गाद्यांचे घाऊक व्यापारी. पण गाद्या विकून आयुष्यात जो कणखरपणा दाखवता आला नाही, तो ते समितीच्या खुर्चीत दाखवतात. कवळीवाल्यांनी प्रकार सांगितला. सचिवांनी तो शांतपणे ऐकला आणि दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "विचारायला नको होतं तुम्ही."

"का बरं?"

"न विचारता कापली असती, तर आम्हाला कळलंच नसतं. आता कळलंय. कळल्यावर आम्ही जबाबदार. आता रीतसरच झालं पाहिजे."

रीतसर म्हणजे नियमावलीतला 'यंत्रचालित करवतीने वृक्षतोड' हा भाग. त्याला एक अर्ज होता. कवळीवाल्यांनी तो तिथेच बसून सुवाच्य अक्षरात भरला. मी नंतर फाइलमध्ये पाहिला. तोडावयाच्या वृक्षांची संख्या: शून्य, फक्त एक फांदी. मजुरांची संख्या: एक, मी स्वतः. लाकूड वाहून नेणाऱ्या वाहनाचा क्रमांक: वाहन नाही, टोपली आहे. तोडीनंतर मोकळ्या होणाऱ्या जागेचा प्रस्तावित वापर: पत्नी चालेल.

या शेवटच्या उत्तराशेजारी कोणीतरी लाल शाईने लिहिले होते, 'व्यावसायिक वापर आहे काय, खुलासा मागवावा.'

मग करवतीच्या वर्गवारीचा प्रश्न आला. ती साधी करवत की यंत्र? हे ठरेपर्यंत ती दोन्ही बॅटऱ्यांसह कार्यालयाच्या ताब्यात राहील, असे ठरले. वजन करण्यासाठी जाणकार म्हणून मला बोलावणे आले. निवृत्तीनंतर सात वर्षांनी प्रथमच कोणी मला कशासाठी तरी बोलावत होते. मी माझा जुना तराजू घेऊन गेलो. करवत बॅटरीसकट आठशे साठ ग्रॅम भरली. हा आकडा मी इतक्या ठामपणे सांगितला, की अध्यक्षांनी मला तिथल्या तिथे करवत उपसमितीचे सभासद करून टाकले. घरी आल्यावर मी बायकोला सांगितले. ती म्हणाली, "तुम्ही एवढा प्रश्न विचारला नसता, तर करवत उपसमिती लागलीच नसती." बायकांना संस्थात्मक कामाची कदर नसते.

उपसमितीच्या पहिल्या बैठकीत सचिवांनी मुद्दा मांडला. "मोटर आहे. साखळी आहे. साखळीला दात आहेत. जंगलतोडीच्या करवतीला याहून वेगळं काय असतं? वर्ग तोच."

कवळीवाल्यांना बोलण्याची परवानगी मिळाली. ते उठून उभे राहिले. "साहेब, दात आहेत हे खरं. पण दातांतलं मला थोडं कळतं. हे दुधाचे दात आहेत."

कोणी हसले नाही. इतिवृत्तात 'अर्जदाराने दातांचे अस्तित्व मान्य केले' अशी नोंद झाली.

जंगलतोडीचा वर्ग ठरल्यावर जंगलतोडीची सुरक्षा आलीच. त्यासाठी समितीने एक सुरक्षा सल्लागार नेमला. हे गृहस्थ पूर्वी आग विझवण्याची नळकांडी विकत, त्यामुळे त्यांना प्रत्येक वस्तू पेटण्याच्या बेतात दिसे. त्यांनी कवळीवाल्यांना शिरस्त्राण, कानटोप, जाळीचा मुखवटा, चामडी अंगरखा, लोखंडी टोकाचे बूट आणि मांड्यांना जाड कवच सांगितले. हा सगळा जामानिमा मी तोलला. नऊ किलो तीनशे. आठशे साठ ग्रॅमची करवत धरायला नऊ किलोंचा पोशाख. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसे. पण हे मी बैठकीत बोललो नाही. सभासदाने बैठकीचा सूर सांभाळायचा असतो.

त्यानंतर चालकाचे प्रमाणपत्र. तीन सकाळी प्रशिक्षण. आता गंमत अशी, की प्रमाणपत्राशिवाय करवत चालवता येत नव्हती आणि करवत चालवल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नव्हते. सल्लागारांनी यातून तोड काढली. त्यांनी पुठ्ठ्याची करवत तयार करून आणली.

"आवाज तोंडानं काढा," ते म्हणाले.

"तोंडानं?" कवळीवाल्यांनी मुखवट्यातून विचारले.

"यंत्र चालू आहे की बंद, हे आजूबाजूच्यांना कळायला नको?"

वसाहतीच्या मोकळ्या जागेत त्र्याहत्तर वर्षांचा तो माणूस नऊ किलोंचा पोशाख घालून, हातात पुठ्ठा धरून, विजेच्या खांबापुढे उभा राहून घर्रर्र घर्रर्र करत होता. मी निरीक्षक म्हणून हजर होतो. वहिनी खिडकीतून बघत होत्या. पहिल्या दिवशी त्या हसल्या. दुसऱ्या दिवशीही हसल्या. तिसऱ्या दिवशी खिडकीत दिसल्या नाहीत. भिंतीपलीकडे वॉकरचा आवाज मात्र चालू होता.

परीक्षेत त्यांना शंभरपैकी बासष्ट मिळाले. 'झाड अंगावर येताच पळून जाणे' या भागात ते नापास झाले.

"झाड अंगावर येणारच नाहीये हो," ते म्हणाले. "मनगटाएवढी फांदी आहे ती."

"पळाला नाहीत, हे खरं की नाही?" सल्लागार म्हणाले. त्यांना पुन्हा परीक्षेला बसवण्यात आले. दुसऱ्या खेपेला ते पळाले. लोखंडी बुटांनी त्यांचे पाय सोलून निघाले, पण प्रमाणपत्र मिळाले.

चार आठवडे संपले. उरलेल्या दोन आठवड्यांत गल्लीतल्या बावीस घरांची ना-हरकत पत्रे आणायची होती. कवळीवाले लंगडत दारोदार फिरले. त्यांच्याच हातचे दात तोंडात ठेवून लोकांनी त्यांना अटी घातल्या. एकाने लिहिले, हरकत नाही, मात्र सकाळी माझे ध्यान असते. दुसऱ्याने लिहिले, संध्याकाळी नको, मुलांचा अभ्यास. एका बाईंनी आपण तटस्थ आहोत, एवढेच लिहिले आणि तटस्थ म्हणजे बाजूने की विरुद्ध, हे विचारायला त्यांना दोनदा परत पाठवावे लागले. एकाने सही केली, पण मागे त्याच्या मोरीच्या बांधकामाच्या वेळी कोणी त्याला विचारले नव्हते याची पुरवणी जोडली. मी स्वतः विनाअट सही देणार होतो; पण सगळे काही ना काही लिहीत होते, आणि कोराच कागद दिला तर वाचला की नाही अशी शंका येते. म्हणून मी लिहिले, दुपारी एक ते चार नको, विश्रांतीची वेळ.

सचिवांनी सगळ्या अटी एका तक्त्यावर मांडल्या. त्या सगळ्यांतून वाट काढत करवतीला आठवड्यात एकच वेळ शिल्लक राहिली. गुरुवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटे ते बारा पंचवीस.

"पंधरा मिनिटं," सचिव म्हणाले. "खूप झाली."

"मला अकरा सेकंद पुरतात," कवळीवाले म्हणाले.

तरी एक गोष्ट राहिलीच होती. कापणीच्या वेळी रुग्णवाहिका जागेवर उभी हवी, असे सल्लागारांच्या अहवालात होते. ती येऊ शकते का, याची रंगीत तालीम घेण्यात आली. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी आली आणि अडकली. गल्लीच्या कडेला नऊ जुनी झाडे होती. त्यांच्या बुंध्यांमुळे तिला वळण घेता येईना.

सल्लागारांचा चेहरा उजळला. इतके दिवस धोका नुसता कागदावर होता, आता तो डोळ्यांना दिसत होता. "उद्या फांदी कापताना काही झालं, तर जखमी माणूस दवाखान्यात पोहोचणारच नाही!"

नियमावलीत आपत्कालीन मार्ग मोकळा करण्याचे एक कलम आहे. त्याला अर्ज लागत नाही, ना-हरकत लागत नाही, प्रमाणपत्रही लागत नाही. आपत्काल तो, त्याला वेळ कुठला! दुसऱ्याच दिवशी सकाळी सात वाजता दोन माणसे पेट्रोलवर चालणाऱ्या मांडीएवढ्या करवती घेऊन आली. पायांत सपाता, डोक्याला काही नाही, एकाच्या ओठांत पेटलेली सिगारेट. ध्यान, अभ्यास, विश्रांती, सगळ्यांच्या वेळा तुडवत त्यांनी दीड दिवसात नऊ झाडे आडवी केली. कानठळ्या बसत होत्या. बावीस घरांतून एकही माणूस काही बोलला नाही. बोलायचे तरी काय? ते रीतसर होते.

तुतीच्या फांदीला मात्र कोणी हात लावला नाही. तिची फाइल चालू होती.

गल्ली बोडकी झाली. संध्याकाळी वहिनी मागच्या उतारावर फांदीपर्यंत आल्या आणि थबकल्या. मध्ये झाडे नसल्यामुळे उतारावरून समोरची खिडकी सरळ दिसत होती. खिडकीत ताई होत्या. वहिनींनी वॉकरवरचा एक हात उचलून हलवला. पलीकडूनही हात हलला. बराच वेळ त्या दोघी तशाच एकमेकींकडे बघत होत्या.

"निदान दिसते तरी," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

परवानगी बुधवारी निघाली. कापणी गुरुवारी बारा दहाला. ताईंना न्यायला गाडी येणार होती तीही गुरुवारीच, साडेदहाला.

कवळीवाले सचिवांकडे गेले. मीही होतो. ते म्हणाले, "दोन तास आधी कापू द्या. नुसते दोन तास. तिला चालत जाऊन यायला दहा मिनिटं लागतील, तेवढीच पाहिजेत."

"मला काय वाटतं याला किंमत नाही हो," सचिव खरोखर हळहळून म्हणाले. "मला तर वाटतं आत्ताच कापावी. पण बावीस लोकांनी लिहून दिलंय. तुमच्या एकट्यासाठी बावीस जणांचा शब्द मोडू?" आणि त्यांनी साक्षीसाठी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली, ते आता नेमके आठवत नाही.

गुरुवारी सकाळी कार्यालय उघडताच कवळीवाल्यांनी सही करून करवत ताब्यात घेतली. दहा वाजता समोर गाडी येऊन उभी राहिली. मुलगा अर्धा तास आधीच आला होता. सामान चढू लागले. वहिनी ठेवणीतली साडी नेसून, वॉकर धरून मागच्या दारातून निघाल्या आणि उतारावरून एकेक पाऊल टाकत फांदीपर्यंत आल्या. कवळीवाले फांदीजवळ उभे होते. डोक्यावर शिरस्त्राण नाही, अंगावर अंगरखा नाही, पायांत घरातल्या चपला. हातात करवत. मी भिंतीशी होतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "कापतो आहे मी," ते म्हणाले. "लिहून घ्या काय लिहायचं ते."

चाळीस वर्षांत त्या माणसाने मोडलेला हा पहिला नियम. त्यांनी पाते फांदीच्या खाली नेले, आधी खालून कापायचे म्हणून, आणि अंगठ्याने खटका दाबून धरला.

साखळी अर्धी फिरली, खर्र असा घसा खाकरल्यासारखा आवाज झाला आणि करवत थांबली. त्यांनी बॅटरी बदलली. दुसरीने तेवढेही केले नाही. त्यांनी साखळी उलटून पाहिली. दात बोथटलेले होते आणि त्यांच्यात हिरवा पाला अडकून वाळलेला होता.

"तुतीचा नाही हा पाला," ते म्हणाले. "मी अजून काही कापलंच नाही."

इथे थोडा खुलासा करणे भाग आहे. करवत सहा आठवडे कार्यालयात होती आणि तिची चाचणी घेणे उपसमितीचे कर्तव्य होते. अध्यक्षांनी आपल्या कुंपणावर चाचणी घेतली. सचिवांनी त्यांच्या आणि मेव्हण्याच्या कुंपणावर घेतली. बुधवारी संध्याकाळी शेवटची चाचणी माझी. माझ्या लिंबाच्या सगळ्या वाळक्या फांद्या सात मिनिटांत निघाल्या. यंत्र हलके आहे, हाताला अजिबात ताण येत नाही, कोणालाही शिफारस करावी असे आहे. दोन्ही बॅटऱ्या परत चार्जिंगला लावायच्या राहिल्या. एक तास लागतो, असे पुस्तिकेत पेन्सिलीने रेघ मारलेल्या जागी लिहिले आहे.

मी हे त्या वेळी बोललो नाही. बोलून तरी बॅटरी भरली नसती.

कवळीवाल्यांनी करवत खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी फांदी धरून वर उचलायला लागले. खांदा साथ देईना. फांदी थोडी वर गेली, पण वहिनी खालून जाऊ शकतील एवढी नाही. माझी बायको धावत बाहेर आली, माझ्याकडे न बघता भिंतीला वळसा घालून त्यांच्या अंगणात शिरली आणि तिनेही फांदीला हात लावला. तेवढ्यात समोर ताईंना खुर्चीसकट बाहेर आणले. त्यांनी इकडे पाहिले. बहीण उभी आहे, चालत आली आहे, हे त्यांना दिसले. त्यांनी काहीतरी म्हटले. पण त्याच वेळी तोडलेल्या झाडांचे ओंडके ट्रकमध्ये पडत होते आणि त्या धडधडाटात कोणालाच ते ऐकू आले नाही.

"काय म्हणाली?" वहिनी विचारत राहिल्या. "काय म्हणाली ती? तुम्हाला कुणाला कळलं का?"

गाडी आपत्कालीन मार्गावरून कुठेही न अडकता वळली आणि गेली. वळण खरेच मोठे झाले होते.

बारा दहाला सल्लागार रुग्णवाहिका घेऊन हजर झाले. कापणारे कोणी नव्हते. 'अर्जदार नियोजित वेळी अनुपस्थित' असा शेरा पडला.

दीड महिन्यात कवळीवाले आणि वहिनी घर विकून मुलीकडे गेले. जाताना ते माझ्याकडे आले होते. मला वाटले, आता बोलतील. पण त्यांनी माझी खालची कवळी मागितली, खिशातल्या कानशीने तिची एक कड हलकेच घासली आणि परत दिली. "इथे टोचत असणार तुम्हाला," ते म्हणाले. "आता नाही टोचणार." टोचत होती, हे खरे.

फाइल निकाली निघाली. उपसमितीचा अहवाल मी लिहिला, सतरा पाने.

गेल्या रविवारी शेजारी नवे बिऱ्हाड आले. जुन्या इमारती पाडण्याचा त्यांचा धंदा आहे. गाडी एवढी रुंद, की नऊ झाडे तोडली नसती तर ती आत आलीच नसती. दुपारी दोन वाजता, मी नुकताच आडवा झालो असताना, घर हादरू लागले. बाहेर येऊन पाहतो, तर गृहस्थ उघड्या अंगाने, पेट्रोलची भली मोठी करवत घेऊन तुतीचे झाड बुंध्यापासून कापत होते. फांदी नाही, अख्खे झाड. मी भिंतीपाशी गेलो. ते थांबले. करवत मात्र हातात चालूच होती.

"काय पाहिजे?" ते ओरडले.

मी त्यांच्या दंडांकडे पाहिले. "काही नाही," मी म्हणालो. "ऊन फार आहे. पाणी आणू का?"

बावीस घरांच्या खिडक्यांत माणसे होती. एकेक करून सगळ्यांनी पडदे ओढून घेतले. सचिवांचा पडदा सर्वांत आधी.

माझी बायको तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. आता तुम्हीही, हे इथपर्यंत वाचून, मनातल्या मनात मला नको नको ते बोलत असाल. बोला, माझी हरकत नाही. मी ऐकून घेणाऱ्यांपैकी दिसतो, म्हणून तुम्हाला ते सुचते आहे. पण तुमचा राग खरोखरच नियमासाठी असेल, वहिनींसाठी असेल, झाडांसाठी असेल, तर शेजारचे गृहस्थ आत्ता घरीच आहेत. गल्लीत उजव्या हाताला सातवे घर, फाटक सताड उघडे असते, करवत व्हरांड्यातच ठेवलेली आहे.

जा ना. विचारा त्यांना.